सात वर्षांचा ‘थिंकपॅड’ घरात घ्यावा का?

“मावशी, तू पेपरवाली ना? मग तूच सांग, हा घेऊ की नको?”

बन्नूरच्या घरात पाऊल टाकले होते, पायही धुतले नव्हते, तोवर भाचीने एक काळाकुट्ट, चौकोनी, कडांना थोडा घासलेला लॅपटॉप माझ्या हातात ठेवला. संक्रांतीचा आदला दिवस. आतून भाजलेल्या तिळांचा वास येत होता. ताई कढईपाशी होती आणि तिथूनच म्हणाली, “अगं, तिला आधी चहा तरी घेऊ दे!” पण चहा येईपर्यंत मी त्या डब्याचे झाकण चारदा उघडून मिटून पाहिले होते.

बन्नूर हे म्हैसूरपासून साधारण पंचवीस किलोमीटरवरचे, टी. नरसीपूर तालुक्यातले गाव. भाताचा आणि उसाचा मुलूख. सोमनाथपूरचे होयसळ देऊळ पाहायला म्हैसूरहून निघालेले प्रवासी याच गावावरून पुढे जातात. बेलूर-हळेबीडबरोबर ते देऊळ २०२३ साली युनेस्कोच्या यादीत गेले, तेव्हापासून बन्नूरचे नाव आपल्याकडेही थोडेफार ऐकू येते. खवय्यांना मात्र हे नाव त्याआधीच ठाऊक होते, ते इथल्या आखूड पायांच्या, ठेंगण्या आणि भरीव अंगाच्या मेंढीमुळे. माझी ही मामेबहीण लग्न होऊन इथे आली त्याला आता तेवीस वर्षे झाली. दाजींचे घराणे मूळचे कोल्हापूरकडचे. गुळाच्या व्यापारासाठी आजोबा मंड्या भागात आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि भांडण झाले की दोन्ही, असा त्यांचा कारभार आहे.

भाची म्हैसूरला बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. रोज सकाळी पाठीवर सॅक अडकवून बस पकडते, संध्याकाळी परत येते. बसमध्ये उभे राहायला जागा मिळाली तरी नशीब. सॅक कधी मांडीवर, कधी पायांत, कधी कुणाच्या भाताच्या पोत्यावर. तीन वर्षांपूर्वी तिच्यासाठी नवा लॅपटॉप घेतला होता. अठ्ठावीस हजारांचा, चंदेरी, पातळ आणि दिसायला फार गोजिरा. एका वर्षाची हमी संपल्यावर दोनच महिन्यांत त्याची डावी बिजागरी प्लॅस्टिकसकट उपटली. दुरुस्तीवाल्याने सांगितले, वरचे झाकण आणि पडदा दोन्ही बदलावे लागतील, खर्च निम्म्या किमतीच्या पुढे जाईल. तेव्हापासून तो लॅपटॉप भिंतीला टेकवून, पडदा पुस्तकांच्या आधाराने उभा करून चालवला जात होता. आता तर तो सुरू व्हायलाच पाच मिनिटे घेतो. त्यात रॅम आहे चार जीबी, आणि तीही मूळ पाटीवरच जोडलेली, म्हणजे वाढवायची सोय नाही.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तोंडावर आलेला. ताईला भिशीचे बावीस हजार मिळालेले. हे पैसे चुकीच्या वस्तूत गेले तर पुढची भिशी लागेपर्यंत घरात दुसरा लॅपटॉप येणार नाही, हे तिघांनाही ठाऊक होते. म्हणून प्रश्न साधा असला तरी हलका नव्हता.

कंपनीतून निघाला, बाजारात आला

भाचीने आणलेला लॅपटॉप होता ‘थिंकपॅड टी ४८०’. २०१८ सालचे मॉडेल. म्हैसूरच्या एका दुकानदाराने साडेएकोणीस हजार सांगितले होते, सात दिवसांत परत करण्याची मुभा आणि तीन महिन्यांची हमी. दाजींना हा व्यवहार मुळीच पटलेला नव्हता. “जुनी गाडी घेताना निदान इंजिनाचा आवाज तरी ऐकतो माणूस. इथं काय ऐकायचं?” असे त्यांचे म्हणणे. शिवाय, “चांगला होता तर पहिल्या मालकानं विकला कशाला?” हा प्रश्न होताच, आणि तो रास्त होता.

त्याचे उत्तर बेंगळुरूत आहे. मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी लॅपटॉप शेकड्यांनी, हजारांनी घेतात. बऱ्याचदा भाडेकरारावर. करार तीन-चार वर्षांचा असतो. तो संपला की चालू स्थितीतले लॅपटॉपही एकगठ्ठा बदलले जातात. हमी संपलेल्या यंत्रांची डोकेदुखी कंपनीला नको असते. हा माल लिलावाने व्यापाऱ्यांकडे जातो. ते तो पुसतात, तपासतात, एखादा भाग बदलतात आणि किरकोळ बाजारात आणतात. बेंगळुरूचा एस. पी. रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, आपल्या मुंबईचा लॅमिंग्टन रोड ही त्याची प्रसिद्ध ठिकाणे. म्हणजे लॅपटॉप बिघडला म्हणून विकला गेला असे नव्हे. बहुतेक वेळा त्याची बदलीची तारीख आली एवढेच.

अलीकडे याला ‘रिफर्बिश्ड’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. २०२२ च्या ई-कचरा नियमांत (ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले) अशी यंत्रे दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांची वेगळी नोंदणीही सांगितली आहे. तरी गल्लीतल्या दुकानात ‘रिफर्बिश्ड’ या शब्दाचा अर्थ पुष्कळदा ‘ओल्या फडक्याने पुसलेला’ एवढाच असतो, हे लक्षात ठेवलेले बरे.

आणि कंपन्यांसाठी बनवलेला लॅपटॉप वेगळा का असतो? कारण तो विकत घेणारा माणूस वेगळा असतो. आपण दुकानात जातो तेव्हा रंग पाहतो, जाडी पाहतो, किंमत पाहतो. पाच हजार लॅपटॉप घेणारा खरेदी अधिकारी पाहतो की, यांतले वर्षाला किती दुरुस्तीला येतील, एका दुरुस्तीला किती मिनिटे लागतील, आणि सुटे भाग पाच वर्षांनी मिळतील का. त्याच्यासाठी बनवलेल्या यंत्राची बिजागरी धातूची आणि जाड असते, तळ काचेच्या धाग्यांनी बळकट केलेल्या प्लॅस्टिकचा असतो, तळाचे स्क्रू काढले तरी झाकणालाच अडकून राहतात म्हणजे हरवत नाहीत. कीबोर्डवर चहा सांडला तर तो खाली वाहून जाण्यासाठी वाट ठेवलेली असते. (चहा सांडून पाहण्याची परीक्षा मात्र मी केली नाही. आणि कंपनीही ‘थोडा’ सांडला तर, असेच म्हणते.) दुरुस्तीचे सविस्तर पुस्तक कंपनी स्वतःच फुकट उपलब्ध करून देते. कोणता स्क्रू कुठला, हेसुद्धा त्यात असते.

जपानी डबा आणि लाल टिकली

थिंकपॅडचा इतिहास मोठा मजेशीर आहे. आयबीएम कंपनीत ‘थिंक’ म्हणजे ‘विचार करा’ हे जुने ब्रीद होते. कर्मचाऱ्यांच्या खिशात ते ब्रीद छापलेली छोटी वही असे. त्या वहीवरून या लॅपटॉपचे बारसे झाले. ऑक्टोबर १९९२ मध्ये ‘थिंकपॅड ७०० सी’ बाजारात आला. रूप दिले होते रिचर्ड सॅपर या जर्मन रचनाकाराने, आणि कल्पना घेतली होती जपानी माणसाच्या जेवणाच्या काळ्या लाकडी डब्यावरून. बाहेरून साधा चौकोन, उघडला की आत सगळे जागच्या जागी. यंत्राची बांधणी जपानमधल्या यामातो प्रयोगशाळेत अरिमासा नाइतो यांच्या हाताखाली झाली. कीबोर्डच्या मधोमध असलेला लाल ठिपका हे टेड सेल्कर यांचे काम. बोट कळांवरून न उचलता पडद्यावरचा बाण हलवता यावा म्हणून तो आहे. आमच्या भाचीने त्याचे नाव ‘टिकली’ ठेवले आहे आणि ते मला मूळ नावापेक्षा जास्त आवडले. ती टिकली झिजली तर नवी मिळते, तीसुद्धा टिकलीसारखीच!

डिसेंबर १९९३ मध्ये हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीसाठी गेलेल्या ‘एंडेव्हर’ यानातून थिंकपॅड अवकाशात जाऊन आला. पुढे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरही कित्येक वर्षे थिंकपॅडच होते. २००५ साली आयबीएमने हा सगळा व्यवसाय चीनच्या लेनोवो कंपनीला विकला. तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली, पण यामातोची मंडळी कामावर राहिली आणि काळा डबाही तसाच राहिला.

जाहिरातीत ‘लष्करी कसोटीला उतरलेला’ असे शब्द असतात. ही अमेरिकन लष्कराची ८१० क्रमांकाची कसोटी. उष्णता, थंडी, धूळ, दमट हवा, हादरे, अशा तऱ्हेतऱ्हेच्या परीक्षा तिच्यात आहेत. ऐकायला छान. पण यांतल्या कोणत्या परीक्षा द्यायच्या ते कंपनी ठरवते, आणि परीक्षा देतो तो नवाकोरा नमुना. सात वर्षे कुणाच्या तरी पाठीवरून फिरलेला, दोनदा टेबलावरून पडलेला आपल्या हातातला लॅपटॉप ती परीक्षा आज पास होईल की नाही, हे कुठलेही प्रमाणपत्र सांगत नाही. ते आपणच पाहायचे असते.

पहिला आला तसा परत गेला

चहा झाल्यावर मी तेच करायला बसले. लॅपटॉप सुरू होताना पहिल्या काही क्षणांत ‘एफ वन’ ही कळ दाबली की यंत्राच्या मूळ मांडणीचा पडदा उघडतो. खिडक्यांचे विंडोज सुरू होण्याआधीची ही खोली. इथे काय दिसते ते पाहणे माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचे, कारण दुकानदार विंडोज नवे घालून देतो, सगळे चकचकीत दिसते आणि ही खोली पाहायची राहून जाते.

आमच्या पडद्यावर कुलपाचे चित्र आले आणि पासवर्ड मागितला गेला.

भाची म्हणाली, “मग काय झालं? विंडोज तर चालतंय.” चालत होते खरे. पण हा पासवर्ड ‘सुपरवायझर’चा, म्हणजे जुन्या कंपनीच्या संगणक खात्याचा. तो नसेल तर मांडणीत काहीही बदलता येत नाही, आणि तो विसरला तर लेनोवोचे अधिकृत उत्तर एकच आहे: आतली मुख्य पाटी बदला. पाटीची किंमत जवळजवळ लॅपटॉपइतकी. त्याहून वाईट शक्यता अशी की कंपनीने हे यंत्र रीतसर सोडलेलेच नसेल. काही कंपन्या आपली यंत्रे इंटरनेटवरून स्वतःच्या नावाशी बांधून ठेवतात. उद्या विंडोज पुन्हा घालायची वेळ आली की पडद्यावर ‘अमुक कंपनीत आपले स्वागत आहे, आपले खाते लिहा’ असे उमटते आणि आपण बाहेर उभे. शिवाय यंत्र चोरीचे असण्याचा संशय राहतो तो वेगळाच.

दाजींनी हे ऐकले आणि त्यांचा चेहरा ‘मी म्हटलं नव्हतं?’ असा झाला. ताई काही बोलली नाही. तिने फक्त गॅस बारीक केला.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. इथेही तिळगूळच, फक्त नाव ‘एळ्ळु-बेल्ला’. तीळ, गुळाचे खडे, सुक्या खोबऱ्याचे तुकडे, शेंगदाणे. घरोघरी वाटायचे आणि गोड बोलायचे. संध्याकाळी बैल सजवून पेटत्या गवतावरून उड्या मारायला लावतात. तो थरार पाहून परत येताना दाजी दुकानदाराशी फोनवर बोलले, आणि ते काही ‘एळ्ळु-बेल्ला’सारखे नव्हते. पण दुकानदाराने हुज्जत घातली नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही म्हैसूरला गेलो, पहिला परत केला, आणि त्याच मॉडेलचे चार लॅपटॉप काउंटरवर मांडून ओळीने ‘एफ वन’ दाबले. तीन उघडे होते. एकाला पुन्हा कुलूप. दुकानदारालाच ते नवीन होते असे त्याच्या चेहऱ्यावरून वाटले. खरेखोटे देव जाणे.

आठ हा आकडा

तिथेच आणखी एक गोष्ट कळली. ‘हा घ्या, अगदी तसाच, तीन हजारांनी स्वस्त,’ म्हणून दुकानदाराने एक टी ४७० पुढे केला. दिसायला जुळे भाऊ! पण टी ४७० हा २०१७ चा, आणि त्यातला प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या किंवा सातव्या पिढीचा. टी ४८० मध्ये आठवी पिढी मिळते. सातव्या पिढीपर्यंत या जातीच्या प्रोसेसरला दोन गाभे होते, आठवीत ते चार झाले. एका वेळी ब्राउझर, व्हिडिओ वर्ग आणि प्रोग्राम चालवणाऱ्या मुलीला हा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

दुसरे कारण याहून मोठे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती थांबवली. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचीच अधिकृतपणे चालते. काही मोजके अपवाद सोडले तर सातवीला दार बंद. या एका तारखेमुळे हजारो चांगले लॅपटॉप कंपन्यांतून बाहेर पडले, आणि स्वस्तात मिळणाऱ्या कित्येक लॅपटॉपच्या स्वस्ताईचे गुपितही हेच आहे. तेव्हा तळाच्या चिठ्ठीवर किंवा विंडोजच्या माहितीत प्रोसेसरचा क्रमांक वाचावा. ‘आय फाइव्ह’ नंतरचा चार आकडी क्रमांक आठने सुरू झाला पाहिजे: ८२५०, ८३५० असा. सातने सुरू झाला तर किंमत आणखी पाडून मागावी आणि त्यावर उबंटू किंवा मिंटसारखी लिनक्स प्रणाली घालावी. ती फुकट आहे, थिंकपॅडवर चांगली चालते आणि तिच्यात मराठीही नीट दिसते. पण घरात दाजींसारखे ‘टॅली’वर हिशेब ठेवणारे कोणी असेल तर विंडोजच बरे.

नावाच्या शेपटाकडेही पाहावे. ‘टी ४८०’ आणि ‘टी ४८० एस’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ‘एस’वाला पातळ आणि हलका आहे, पण त्याची बॅटरी बाहेरून काढता येत नाही आणि रॅमचा काही भाग पाटीवरच जोडलेला असतो. ‘एक्स २८०’ मध्ये तर सगळीच रॅम जोडलेली. साध्या टी ४८० मध्ये रॅमसाठी दोन खाचा आहेत, आज आठ जीबी घेऊन उद्या आणखी आठ घालता येतात. थिंकपॅडच हवा असाही हट्ट नाही. डेलचा लॅटिट्यूड ५४९० किंवा ७४९०, एचपीचा एलिटबुक ८४० जी ५ हे त्याच काळातले, त्याच तोलामोलाचे गडी आहेत. चांगल्या अवस्थेतला लॅटिट्यूड हा वाईट अवस्थेतल्या थिंकपॅडपेक्षा केव्हाही सरस.

बन्नूरची वीज आणि दोन बॅटऱ्या

तीन उघड्या लॅपटॉपांपैकी एक निवडून आम्ही बन्नूरला आणला आणि पुढचे चार दिवस त्याला घरच्यासारखा वापरला. मला वाटते, दुकानात दहा मिनिटे पाहण्यापेक्षा हे चार दिवस जास्त शिकवून गेले.

बॅटरीपासून सांगते, कारण या गावात दुपारी वीज कधी जाईल याचा नेम नाही. टी ४८० मध्ये दोन बॅटऱ्या असतात. एक आत, चोवीस वॉट-तासांची. दुसरी मागे बाहेरून लावायची, चोवीस, अठ्ठेचाळीस किंवा बहात्तर वॉट-तासांची. आतली चालू असेल तर बाहेरची काढून दुसरी लावता येते, लॅपटॉप बंद न करता. दाजींना ही गोष्ट इतकी आवडली की त्यांनी ती तीनदा करून पाहिली. सहकार खात्याचे कार्यालय जप्तीला आल्यासारखे गंभीर बसलेले दाजी प्रथमच हसले ते तेव्हा.

बॅटरी किती थकली आहे हे लॅपटॉप स्वतः सांगतो. विंडोजच्या काळ्या आज्ञा-खिडकीत ‘पॉवरसीएफजी’ असे इंग्रजीत लिहायचे, एक जागा सोडायची, तिरपी रेघ द्यायची आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’ लिहायचे. एक कागद तयार होतो. त्यावर मूळची क्षमता आणि आजची क्षमता शेजारीशेजारी असतात. आमच्या बाहेरच्या बॅटरीत अठ्ठेचाळीसपैकी एकोणचाळीस उरले होते, म्हणजे चांगले. आतल्या चोवीसपैकी तेरा, म्हणजे म्हातारपण. दोन्ही मिळून लिहिणे, वाचणे आणि एक तासाचा व्हिडिओ वर्ग एवढ्या कामात साडेचार तास गेले. हा कागद दाखवून दाजींनी नंतर किमतीतून पंधराशे कमी करून घेतले. गुळाच्या ढेपेचा भाव करणाऱ्या माणसाला वजनाचा कागद मिळाला की काय होते ते मी पाहिले!

बाहेरची नवी बॅटरी घ्यायची वेळ येईल तेव्हा अगदी स्वस्तातली घेऊ नये. चार्जरचेही तेच. या लॅपटॉपला यूएसबी-सी जातीचा चार्जर लागतो, आणि जुन्या लॅपटॉपबरोबर दुकानदार बहुधा नक्कल देतो. त्यावर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी खूण आहे का ते पाहावे. आमच्या चार्जरवर नव्हती. तो बदलून मागितला.

त्या यूएसबी-सी खाचेचे एक जुने दुखणे आहे, आणि ते दुकानदार सांगत नाही. त्या काळातल्या काही थिंकपॅडांत या खाचेच्या ‘थंडरबोल्ट’ भागाच्या आज्ञावलीत चूक होती. तिच्यामुळे कालांतराने खाच मंदावते किंवा तिच्यातून चार्जिंगच बंद होते. लेनोवोने नंतर दुरुस्ती दिली. ती आधीच घातली असेल तर ठीक, नसेल तर घेतल्या दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावरून घालून घ्यावी. तळावरचा क्रमांक तिथे टाकला की यंत्र मूळचे कसे होते, हमी कधी संपली, हेही कळते. आमच्याकडे दोन्ही खाचांतून चार्जिंग होते आहे हे मी आलटूनपालटून पाहिले आणि मगच निर्धास्त झाले.

पडदा ही या लॅपटॉपची पडती बाजू. सर्वांत स्वस्त प्रकारात १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा पडदा असतो. बाजूने पाहिले की माणसांचे चेहरे करपल्यासारखे दिसतात. आम्ही १९२० बाय १०८०चा निवडला, त्यात बाजूनेही नीट दिसते. तरी उजेड बेताचाच. ओसरीवर दुपारी बसून काम करता येत नाही, आत यावे लागते. कॅमेरा त्याहून सुमार. आजीने पडद्यावर नातीला पाहून “ही अशी धुरकट का दिसते, ताप आहे का?” असे विचारले, यापेक्षा जास्त मी काय लिहू!

कीबोर्ड मात्र दृष्ट लागावी असा. कळा खोल दबतात, बोटाला उत्तर देतात. आठ-नऊ कळा आधीच्या मालकाच्या बोटांनी गुळगुळीत झाल्या आहेत तेवढेच. एक खोड सांगून ठेवते: बहुतेक लॅपटॉपवर डाव्या कोपऱ्यात ‘कंट्रोल’ असते, इथे तिच्या जागी ‘एफएन’ आहे. पहिले दोन दिवस भाचीची चिडचिड झाली. मग ‘एफ वन’च्या त्याच खोलीत जाऊन आम्ही दोघींची अदलाबदल करून टाकली. पासवर्डचे कुलूप असते तर एवढे साधे कामही झाले नसते.

भाचीला कॉलेजात कन्नड लिहावे लागते आणि कोल्हापूरच्या पणजीला ती मराठीत पत्र छापून पाठवते. दोन भाषांचे दोन कीबोर्ड शिकायचे का, असा तिचा प्रश्न होता. नाही शिकायचे. भारत सरकारने ठरवलेल्या ‘इनस्क्रिप्ट’ मांडणीत सगळ्या भारतीय लिप्यांच्या कळा एकाच जागी आहेत. जिथे मराठीचा ‘क’, तिथेच कन्नडचा. विंडोजमध्ये ही मांडणी आधीपासून असते, फक्त सुरू करायची. लॅपटॉप कुठलाही असो, हे लागू आहे. पण चांगल्या कळांवर शिकायला मजा येते हे खरे.

आतली साठवण, म्हणजे एसएसडी, २५६ जीबींची. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ नावाच्या फुकट प्रोग्रामने तिची प्रकृती ९१ टक्के दाखवली. विंडोज अस्सल असल्याची नोंद सेटिंगमध्ये दिसली. पंखा मात्र घरघरत होता. व्हिडिओ वर्ग सुरू झाला की डाव्या अंगाला चांगली धग लागायची. तळ उघडून पाहिले तर आत धुळीची गादी. मऊ ब्रश आणि फुंकणी घेऊन अर्ध्या तासात ती काढली. आवाज निम्मा झाला, पण गेला नाही.

कोणी घेऊ नये

हे वाचून कुणी लगेच जुन्या बाजारात धाव घेऊ नये म्हणून सांगते. ज्यांच्या मुलांना त्रिमितीय खेळ खेळायचे आहेत, व्हिडिओ संकलन किंवा स्थापत्याचे मोठे नकाशे करायचे आहेत, त्यांना हा पुरणार नाही. मोठी बॅटरी लावली की वजन पावणेदोन किलोच्या पुढे जाते, तेव्हा पाठीचे दुखणे असणाऱ्यांनी विचार करावा. ज्यांच्या गावात किंवा जवळच्या शहरात यंत्र उघडणारा भरवशाचा माणूस नाही, आणि घरातही कुणाला स्क्रूड्रायव्हर हातात धरायची हौस नाही, त्यांनी हमी असलेला नवा घेतलेला बरा, मग तो जरा कमी दर्जाचा असला तरी. इंटरनेटवर फोटो पाहून, परत करण्याची मुभा नसताना तर मुळीच घेऊ नये. आणि विंडोज ११ सुद्धा असल्या जुन्या यंत्रांना आणखी किती वर्षे साथ देईल हे मायक्रोसॉफ्टच्या मर्जीवर आहे. मी भाचीला सांगताना ‘तीन वर्षे’ धरून सांगितले. त्यापुढे मिळाले तर वरकड.

पण रोजचे काम लिहिण्या-वाचण्याचे, हिशेबाचे, शिकण्याचे असेल आणि खिशात वीसेक हजारच असतील, तर त्या पैशांत मिळणाऱ्या नव्या लॅपटॉपपेक्षा मी हाच घेईन. नव्याची बिजागरी काय करते ते आमच्या घरात भिंतीला टेकून उभे आहे.

सहाव्या दिवशी, परतीची मुदत संपायला एक दिवस असताना, चौघे जेवायला बसलो तेव्हा दाजींनी निकाल दिला. “दिसायला काही नाही. पण आमच्या बन्नूरच्या मेंढीसारखा आहे. आखूड, काळा, भरीव. राहू दे.” बन्नूरची मेंढी काळी नसते, हे ताईने त्यांच्या लक्षात आणून दिले. त्यांनी भात वाढून घेतला.

अठरा हजार दिले. उरलेल्या चारमधून आठ जीबीची दुसरी रॅमपट्टी घ्यायची ठरली आहे, आतल्या बॅटरीचे पुढच्या भिशीला पाहू. मोडका चंदेरी लॅपटॉप ताईने फेकू दिलेला नाही, त्यातली साठवण काढून फोटो वाचवायचे आहेत. मी निघाले त्या सकाळी भाची बसमध्ये माझ्या शेजारीच होती. सॅक तिने मांडीवर घेतली होती. मधल्या थांब्यावर एक बाई उसाची मोळी घेऊन चढल्या, आणि जागा करून देताना सॅक खाली पायांत गेली. मी घाबरून पाहिले. भाचीने पाहिलेही नाही.